वेळ चुकलेले रॉक अल्बम

गच्चीवरचा

नमस्कार मंडळी,

क्लासिक रॉक म्हटलं की आपल्याकडच्या गप्पा पिंक फ्लॉईड, लेड झेपलिन, डीप पर्पल, ईगल्स इथे सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. या मंडळींचं मोठेपण वादातीत आहे आणि त्यांच्यावर इथे धागेही भरपूर आहेत. पण साधारण १९६७ ते १९७७ या काळात असे कितीतरी अल्बम निघाले, जे त्यांच्या तोडीस तोड असूनही लोकांपर्यंत पोचलेच नाहीत. संगीतात खोट होती असं अजिबात नाही. कंपनीने जाहिरातीला पैसे दिले नाहीत, रेकॉर्डी दुकानात गेल्या नाहीत, अल्बम निघेपर्यंत बँड फुटला, नाहीतर तसंच काहीतरी दुसऱ्या कुणी आधी बाजारात आणलं. अशा अल्बमसाठी हा धागा.

एकच विनंती आहे. नुसती नावं टाकून पुढे जाऊ नका. अल्बम मागे का पडला आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कुठे कान द्यावा, एवढं तरी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. प्रीटी थिंग्ज, 'एस. एफ. सॉरो', डिसेंबर १९६८.

हा लंडनचा बँड. त्यांचा गिटारवादक डिक टेलर रोलिंग स्टोन्सच्या अगदी पहिल्या जमवाजमवीत होता. १९६७ च्या अखेरीस ते लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत शिरले. निर्माता होता नॉर्मन स्मिथ, म्हणजे बीटल्सचं सुरुवातीचं सगळं ध्वनिमुद्रण ज्याने केलं आणि पिंक फ्लॉईडचा पहिला अल्बम ज्याने घडवला तोच. गायक फिल मे याने एक गोष्ट लिहिली होती, तिच्यावर अख्खा अल्बम बेतला आहे. सेबॅस्टियन एफ. सॉरो नावाचा माणूस जन्माला येतो, कारखान्यात लागतो, प्रेमात पडतो, युद्धावर जातो. त्याची होणारी बायको त्याला भेटायला विमाननौकेतून, म्हणजे वायू भरलेल्या अवाढव्य फुग्यातून, येत असते आणि ती नौका पेटते. तिथून पुढे तो आत आत जात राहतो. बॅरन सॅटर्डे नावाचा एक गूढ इसम त्याला स्वतःच्याच मनाच्या तळाशी नेतो आणि शेवटी म्हातारा, कुणावरही विश्वास न उरलेला सॉरो एकटा राहतो.

सलग एक गोष्ट सांगणाऱ्या रॉक अल्बमांमधला हा अगदी सुरुवातीचा. पण ब्रिटनमध्ये त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही आणि अमेरिकेत तो निघायलाच १९६९ उजाडलं. तोही रेअर अर्थ या लेबलवर. हे लेबल मोटाउनचं, ज्यांचा सगळा जीव सोल संगीतात. तोवर मे १९६९ मध्ये द हूचा 'टॉमी' येऊन गाजला होता. त्यामुळे आधी झालेलं काम तिथल्या लोकांना नक्कल वाटलं! माझ्या मते रॉकच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

ऐकताना 'बलून बर्निंग'कडे लक्ष द्या. विमाननौका जळतेय, आणि गिटारची तीच ती छोटी ओळ कुठेही श्वास न घेता पुढे पळत राहते. शब्द कळले नाहीत तरी काहीतरी भयंकर घडतंय आणि थांबवता येत नाहीये हे पोटात जाणवतं. मग अल्बमचा शेवट 'लोनलिएस्ट पर्सन'. एवढा सगळा मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारं कीबोर्ड), उलटसुलट टेप, आवाजांचे थर होऊन गेल्यावर इथे फक्त एक साधी गिटार आणि गाणं. दीड मिनिटात संपतं. मला तरी त्यानंतर लगेच दुसरं काही लावता येत नाही.

१९९८ मध्ये याच बँडने ॲबी रोडवर परत जाऊन हा अल्बम सलग वाजवला. डेव्हिड गिल्मर पाहुणा गिटारवादक होता. फ्लॉईडच्या भक्तांनी किमान तेवढ्यासाठी तरी ऐकाच.

आता तुम्ही लिहा.

निशिगंध

काय सुंदर धागा! वाचनखूण साठवली आहे.

माझ्याकडून द झॉम्बीज, 'ओडेसी अँड ओरॅकल'. हेही ॲबी रोडच. बीटल्स 'सार्जंट पेपर' संपवून बाहेर पडले आणि जून १९६७ मध्ये हे पाच जण आत गेले. हाताशी पैसे जेमतेम, म्हणून घरून तालीम पक्की करून यायचं आणि स्टुडिओत भराभर रेकॉर्ड करायचं, अशी पद्धत. तरीही गंमत बघा, कंपनीला मोनोबरोबर स्टिरिओही हवा झाला तेव्हा तरतूद संपली होती. रॉड आर्जेंट आणि ख्रिस व्हाइट यांनी गीतलेखनाच्या मानधनातून स्वतः पैसे घातले. मुखपृष्ठावर चित्रकाराने नावाचं स्पेलिंग चुकवलं, तेही तसंच राहिलं.

डिसेंबर १९६७ मध्ये बँड मोडला आणि एप्रिल १९६८ मध्ये अल्बम निघाला. म्हणजे दौरा करायला, मुलाखती द्यायला कुणीच नाही. गायक कॉलिन ब्लनस्टोन विम्याच्या कचेरीत नोकरीला लागला होता. अमेरिकेत तर कंपनी तो काढायलाच तयार नव्हती. अल कूपरने तिथे आग्रह धरला म्हणून निघाला. आणि १९६९ च्या सुरुवातीला 'टाइम ऑफ द सीझन' तिथे तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. ज्या बँडचं गाणं घराघरात वाजतंय तो बँड अस्तित्वातच नाही! मग तोतये झॉम्बीज अमेरिकाभर कार्यक्रम करत फिरले. त्यातल्या टेक्ससच्या एका टोळीतले दोघे पुढे झीझी टॉपमध्ये गेले.

सगळ्यांना 'टाइम ऑफ द सीझन'च माहीत असतं, पण सुरुवात पहिल्या गाण्यापासून करा. 'केअर ऑफ सेल ४४'. चाल इतकी उन्हासारखी लख्ख, पियानो उड्या मारत येणारा, आणि शब्द आहेत तुरुंगातून सुटून घरी येणाऱ्या प्रेयसीला लिहिलेल्या पत्राचे. तुझी खोली तयार ठेवलीय, तू सांग तिथे काय काय झालं, अशा सुरात. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि नुसते गळे उरतात. ती जागा हेडफोनवर ऐका.

आणि 'धिस विल बी अवर इयर' मोनोमध्येच ऐका. त्यातली पितळी वाद्यं मोनो मिश्रण करतानाच थेट वरून वाजवून घेतली होती, त्यामुळे ती मूळ टेपवर नाहीतच. खऱ्याखुऱ्या स्टिरिओत ती येणार कुठून?

सायलेन्सर

धागा आवडला, पण थोडी असहमती नोंदवतो. झॉम्बीजना दुर्लक्षित कसं म्हणायचं? इंग्रजीतली कुठलीही 'सर्वोत्तम अल्बम' यादी उघडा, 'ओडेसी' असतोच. २०१९ मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्येही घेतलं. या हिशेबाने मग किंक्सचा 'व्हिलेज ग्रीन' पण येईल, तोही आता समीक्षकांचा लाडका आहे. खरोखर कुणी विचारत नाही असे अल्बम यायला हवेत.

गच्चीवरचा

@सायलेन्सर, मुद्दा रास्त आहे. पण यादीत नाव असणं आणि ऐकलं जाणं यात अंतर आहे. आपल्या ओळखीत 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवटचा गिटारसोलो तोंडाने म्हणून दाखवणारे ढीगभर सापडतात. त्यांच्यापैकी 'ओडेसी' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेले किती? मला असे अल्बम हवेत जे निघाले त्या वेळी पडले आणि आपल्याकडे अजूनही लोकांच्या कानावर गेलेले नाहीत. तुमचं 'व्हिलेज ग्रीन'चं उदाहरण तर चपखल आहे. त्यावर लिहाच.

सायलेन्सर

बरं, थोडक्यात लिहितो. 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' ब्रिटनमध्ये २२ नोव्हेंबर १९६८ ला निघाला. बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' त्याच दिवशी. आणखी काही सांगायला हवं का? त्यात १९६५ पासून किंक्सना अमेरिकेत कार्यक्रम करायला बंदी होती, ती १९६९ मध्ये उठली. त्यामुळे तिकडचा बाजारही बंद. अल्बम कुठल्याच यादीत चढला नाही.

सगळं जग क्रांतीच्या गोष्टी करत असताना रे डेव्हिस गावचं मैदान, वाफेचं शेवटचं इंजिन, शाळेतला हरवलेला मित्र यांच्यावर गाणी लिहीत होता. 'डू यू रिमेंबर वॉल्टर' ऐका. जुना मित्र आठवतो, पण आता भेटला तर तो आपल्याला ओळखणारही नाही, बोलायला काही उरणार नाही, हे तो फार शांतपणे सांगतो. ब्रिटनमध्ये या अल्बमला गोल्ड, म्हणजे एक लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं २०१८ मध्ये. पन्नास वर्षं लागली.

बेसवाला

विशबोन ॲश! 'आर्गस'! १९७२!

इतक्या प्रतिसादांत अजून कुणी नाव घेतलं नाही याचंच आश्चर्य वाटतंय. दोन मुख्य गिटारी एकमेकींशी बोलतात हा जो प्रकार पुढे थिन लिझीने आणि आयर्न मेडनने गाजवला, त्याचं इतकं देखणं रूप 'आर्गस'वर आहे. मेडनचा स्टीव्ह हॅरिस या अल्बमचं ऋण उघड मान्य करतो. ध्वनिमुद्रण मार्टिन बर्चचं. डिसेंबर १९७१ मध्ये त्याने पर्पलचा 'मशीन हेड' केला आणि लगेच नव्या वर्षात हा. पुढे मेडनचे अल्बमही त्याचेच. म्हणजे धागा सरळ जोडता येतो.

गच्चीवरचा यांच्या अटीत तो पूर्ण बसत नाही हे कबूल. ब्रिटनमध्ये तेव्हा तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता. पण मागे पडला तो नंतर. एक ठसठशीत गायक नाही (तिघेही मिळून गातात), गाजलेलं एकटं गाणं नाही, आणि १९७४ मध्ये टेड टर्नर निघून गेल्यावर ती मूळ जोडी फुटली. आज सत्तरच्या दशकातल्या रॉकवर बोलताना यांचं नाव कुणी घेत नाही.

पहिलं गाणं 'टाइम वॉज' जवळजवळ दहा मिनिटांचं आहे. पहिली तीन मिनिटं अगदी हळुवार, साध्या गिटारीवर. तिथे कंटाळून पुढे ढकलू नका. मग 'समटाइम वर्ल्ड', आणि इथे माझी खास विनंती: उत्तरार्धात गती वाढते तेव्हा गिटारी सोडा आणि मार्टिन टर्नरचा बेस ऐका. तो ठेका धरून बसलेला नाही, स्वतंत्र गाणं गातोय. शेवटच्या 'थ्रो डाउन द स्वोर्ड'मध्ये योद्धा तलवार खाली ठेवतो आणि दोन्ही गिटारी एकाच वेळी दोन वेगवेगळे सोलो वाजवतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. एकमेकींवर कुरघोडी नाही. कितीही वेळा ऐकलं तरी कुणाच्या मागे जावं ते ठरत नाही.

जुनी_कॅसेट

बेसवाला, मनातलं लिहिलंत. 'आर्गस' आमच्या हॉस्टेलवर नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर आला. एका बाजूला पिंक फ्लॉईडचा 'मेडल', दुसऱ्या बाजूला हा. अशा भरलेल्या कॅसेटवर बऱ्याचदा एकाच बाजूचं नाव लिहिलेलं असायचं. त्यामुळे गाणी पाठ झाली तरी बँड कोण ते कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

हे अल्बम आपल्याकडे का पोचले नाहीत याचं एक कारण मला यातच दिसतं. जे इथल्या कंपन्यांनी परवाना घेऊन इथे छापलं, तेच आपल्यासाठी 'क्लासिक' ठरलं. बाकीचं कुणी परदेशातून आणलं तर. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (२०१६ मध्ये बंद झालं, अजून तिथून जाताना वाईट वाटतं) आयात केलेल्या रेकॉर्डी बघायला मिळायच्या, पण विद्यार्थ्याच्या खिशाला त्या परवडायच्या नाहीत. मग कुणाच्या तरी मामाकडे, काकाकडे असलेल्या रेकॉर्डवरून कॅसेटी भरल्या जायच्या. तो मामा ज्या आवडीचा, त्या आवडीची आख्खी पिढी घडली. लव्ह किंवा बिग स्टार ऐकणारा मामा मुंबईत किती जणांना असणार?

रसिका_पुणे

लव्ह! नाव घेतलंतच तर लिहिते.

'फॉरेव्हर चेंजेस', नोव्हेंबर १९६७, लॉस एंजलिस. आर्थर ली हा कृष्णवर्णीय गायक-गीतकार, आणि बँडमध्ये गोरे-काळे एकत्र. त्या काळी हे दुर्मीळच. या अल्बमच्या वेळी ली बावीस वर्षांचा होता आणि आपण आता फार जगत नाही अशी त्याची समजूत झाली होती. बाहेर 'समर ऑफ लव्ह'चा जल्लोष चाललेला आणि हा माणूस जगाचा निरोप घेतल्यासारखा लिहितोय. विजेच्या गिटारीचा कल्लोळ जवळजवळ नाहीच. साधी गिटार, व्हायोलिनांचे ताफे आणि मेक्सिकन ढंगाचा ट्रम्पेट.

सुरुवातीला बँडची तयारी इतकी ढिली होती की दोन गाण्यांसाठी बाहेरचे वादक बोलावून काम उरकलं. त्याचा बाकीच्यांना असा धक्का बसला की उरलेली गाणी त्यांनी जीव ओतून वाजवली. पण कॅलिफोर्नियाबाहेर जाऊन कार्यक्रम करायची बँडची तयारी नसायची, आणि इलेक्ट्रा कंपनीचं लक्ष तोवर द डोअर्सकडे गेलं होतं. अमेरिकेत १५४ व्या क्रमांकापलीकडे अल्बम गेला नाही.

'अलोन अगेन ऑर' सगळ्यांना आवडतंच. ते लीचं नाही, ब्रायन मॅक्लीनचं आहे. मिश्रणात मात्र मॅक्लीनचा मूळ आवाज मागे आणि लीचा वरचा आवाज पुढे ठेवला, म्हणून ती चाल कानाला थोडी तिरकी लागते. मला ती तशीच हवी.

ली पुढे तुरुंगात गेला, २००१ मध्ये सुटला, आणि २००३ मध्ये तारवाद्यांच्या ताफ्यासह त्याने हा अल्बम रंगमंचावर पूर्ण सादर केला. त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आवाज पिकलाय, पण शब्दांवरची पकड तशीच.

तानपुरा

मी मुळात शास्त्रीय संगीत ऐकणारी. रॉकमधलं मला फार कळत नाही, पण या धाग्यात एक अल्बम यायलाच हवा आणि तो आपल्या मुंबईत घडलाय. जॉर्ज हॅरिसनचा 'वंडरवॉल म्युझिक'.

जानेवारी १९६८. हॅरिसन एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत करायला मुंबईला आला आणि फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत बसला. वादक कोण, तर संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गजाने वाजवायच्या तारशहनाईवर विनायक व्होरा, सतारीवर रविशंकरांचे शिष्य शंभू दास. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांचा ब्रिजभूषण काबरांबरोबरचा 'कॉल ऑफ द व्हॅली' त्याच सुमाराचा, हे लक्षात घ्या. दोघेही तिशीच्या आतबाहेर, ऐन बहरात.

स्टुडिओत आवाजबंदी नीट नव्हती. खालच्या रस्त्यावरची वाहतूक आत ऐकू यायची. मुद्रणयंत्रही मोनोच होतं, म्हणून एच.एम.व्ही.चे भास्कर मेनन यांनी खास दोन ट्रॅकचं यंत्र मागवून दिलं. याच मुक्कामात बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीतही झालं. ते मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं.

'वंडरवॉल म्युझिक' नोव्हेंबर १९६८ मध्ये निघाला. कुठल्याही बीटलचा हा पहिला एकट्याचा अल्बम आणि ॲपल कंपनीची पहिली मोठी रेकॉर्ड. तरी कुणाच्या फार लक्षात नाही, कारण हॅरिसन त्यात गातच नाही, तुकडे छोटे छोटे आहेत आणि त्याच महिन्यात 'व्हाइट अल्बम' आला. (या धाग्यात नोव्हेंबर १९६८ हा घातवार दिसतोय.)

'क्राइंग' नावाचा तुकडा ऐका. मिनिट-सव्वा मिनिटाचा असेल. तारशहनाई नुसती रडते. बाकी सगळं बाजूला ठेवून व्होरांचा गज कसा चालतो तेवढं ऐका. आणि 'इन द पार्क'मधलं संतूर. मैफिलीत रागाचा विस्तार असतो, इथे चित्रपटाच्या एका प्रसंगापुरती जागा आहे, आणि तेवढ्यात हे कलाकार काय काय करून जातात!

सायलेन्सर

@तानपुरा, माहिती उत्तम. पण हा रॉक अल्बम आहे का? मला तो चित्रपटसंगीतच वाटतो.

तानपुरा

अर्धा लंडनमध्ये झालाय ना! 'स्की-इंग'मध्ये एरिक क्लॅप्टनची गिटार आहे, टोपणनावाने वाजवलेली. तिखट, करकरीत ब्लूज, आणि ती ओसरता ओसरता भारतीय वाद्यं हाती घेतात. 'ड्रीम सीन'मध्ये टेप उलटसुलट चिकटवण्याचे जे प्रयोग आहेत ते बीटल्सच्या 'रिव्होल्यूशन ९'च्या आधीचे. याला रॉकमधून बाहेर काढलं तर १९६८ चं निम्मं रॉक बाहेर काढावं लागेल.

गच्चीवरचा

तानपुरा यांच्या बाजूने माझं मत. हा राहणार.

रांगडा

फारच मऊ चाललंय सगळं. थोडा दणका देतो.

बजी. वेल्समधल्या कार्डिफचे तिघे. 'नेव्हर टर्न युवर बॅक ऑन अ फ्रेंड', १९७३. पहिलंच गाणं 'ब्रेडफॅन'. मेटालिकाने १९८८ मध्ये ते वाजवलं म्हणून आपल्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, पण मूळ ऐका. तिघंच जण आहेत आणि १९७३ साल आहे, हे लक्षात ठेवून ऐका. बर्क शेलीचा आवाज पातळ, उंच, पहिल्यांदा खटकेल, मग त्याच्याशिवाय चालणार नाही. अल्बम संपतो 'पेरेंट्स' या दहा मिनिटांच्या गाण्यावर, आणि मघाशी वीट फेकणारे हेच लोक का, असं वाटतं.

दुसरा, 'कॅप्टन बियॉन्ड', १९७२. पर्पलचा पहिला गायक रॉड एव्हन्स आठवतो का, 'हश'वाला? गिलनच्या आधीचा? त्याला काढल्यावर त्याने आयर्न बटरफ्लायचे दोघे आणि बॉबी काल्डवेल हा तुफान ड्रमर घेऊन हा बँड उभा केला. गाणी एकमेकांत मिसळलेली, लयीचे हिशेब सारखे बदलणारे. कॅप्रिकॉर्न ही कंपनी ऑलमन ब्रदर्सची, दक्षिणी रॉकची. त्यांना या अंतराळातल्या प्रकाराचं काय करावं ते उमगलं नसावं. काल्डवेलसाठी ऐका.

बोस्टनकर

रेकॉर्डी दुकानात न पोचण्याचा विषय निघालाय तर बिग स्टारचा '#१ रेकॉर्ड' (१९७२) हे त्याचं सगळ्यात धडधडीत उदाहरण. मेम्फिसचा बँड. स्टुडिओसमोर 'बिग स्टार' नावाचं किराणा सुपरमार्केट होतं, तिथून नाव उचललं. ॲलेक्स चिल्टन सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्सबरोबर 'द लेटर' गाऊन अमेरिकेत पहिला आला होता. त्याच्या जोडीला ख्रिस बेल. वितरण स्टॅक्सकडे, म्हणजे पुन्हा सोल संगीतवाल्यांकडे. मग स्टॅक्सने कोलंबियाशी करार केला आणि वितरणाची घडीच विस्कटली. परीक्षणं उत्तम आली, पण ती वाचून दुकानात गेलेल्या माणसाला रेकॉर्ड मिळेना. दहा हजारही खपल्या नाहीत. बेल खचला, बँड सोडून गेला आणि १९७८ मध्ये मोटार अपघातात सत्ताविसाव्या वर्षी गेला.

'थर्टीन' ऐका. शाळकरी वयातलं प्रेम, दोन साध्या गिटारी, अडीच मिनिटं. शाळेतून घरापर्यंत तुझ्याबरोबर चालू का, एवढं विचारायला मुलगा किती घाबरलाय ते आवाजात कळतं. मग लगेच 'द बॅलड ऑफ एल गूडो'. आर.ई.एम.सारखे पुढचे कितीतरी बँड इथूनच निघाले.

आणि जीन क्लार्कचा 'नो अदर' (१९७४). बर्ड्‌सचा हा मूळ गीतकार. आठ गाण्यांवर एक लाख डॉलर खर्च झाले, असायलम कंपनीचा डेव्हिड गेफन भडकला आणि कंपनीने जाहिरातीकडे पाठ फिरवली. मुखपृष्ठावरून तर हा रॉक आहे हेही कळत नाही. 'सम मिसअंडरस्टँडिंग' हे आठ मिनिटांचं गाणं रात्री एकट्याने ऐकावं. २०१९ मध्ये फोरएडी या कंपनीने तो नव्याने काढला, ती आवृत्ती घ्या.

कोकण_एक्स्प्रेस

आपले भारतीय बँड चालतील का? 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या दोन रेकॉर्डी आहेत. सिगारेट कंपनीने भरवलेली स्पर्धा, देशभरातले कॉलेजवयीन बँड. मुद्रण ओबडधोबड आहे, पण ती पोरं जीव तोडून वाजवतात. आणि नंतरच्या काळातला मुंबईच्या रॉक मशीनचा 'रॉक एन रोल रेनिगेड', १९८८. उदय बेनेगल, महेश तिनईकर वगैरे. बाकीचे बँड परदेशी गाणी वाजवत असताना यांनी स्वतःची गाणी केली. रंगभवनात यांना ऐकलेले लोक इथे नक्की असतील. त्यांनी लिहावं.

जुनी_कॅसेट

ऐकलंय! त्यावर इथे थोडक्यात लिहून मन भरणार नाही, वेगळा धागा काढतो. रंगभवनावरच लिहायचं कधीचं मनात आहे.

नवखा_कान

मंडळी, मी बावीस वर्षांचा आहे आणि यातलं काहीच ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू? आणि सगळं मोबाइलवर ऐकतो, चालेल ना?

बेसवाला

'आर्गस'. दुसरा विचार करू नका.

निशिगंध

'ओडेसी'. पस्तीस मिनिटांचा आहे, एका लोकल प्रवासात होतो.

गच्चीवरचा

@नवखा_कान, दोघांचंही ऐका. मोबाइल चालेल, फक्त हेडफोन लावा आणि शफल बंद ठेवा, कारण यातल्या बऱ्याच अल्बममध्ये क्रम विचार करून लावलेला आहे. ॲपवर एकाच अल्बमच्या पाच-सहा आवृत्त्या दिसतील. जोडीला तालमीच्या फिती, दुसरे टेक वगैरे असतात. पहिल्यांदा मूळ यादी जिथे संपते तिथे थांबा. उरलेलं नंतर.

समुद्रकाठचा

उशिरा आलो. डेनिस विल्सनचा 'पॅसिफिक ओशन ब्लू' (१९७७) राहिला. बीच बॉइजमधला ड्रमर, बँडचा गीतकार ब्रायन विल्सन याचा भाऊ, तिघा भावांतला मधला. बँडमध्ये खऱ्या अर्थाने समुद्रात सर्फिंग करणारा हा एकटाच, आणि गीतकार म्हणून त्याच्याकडे सगळ्यात कमी बघितलं गेलं. आवाज घोगरा, फाटका. पहिल्याच 'रिव्हर साँग'मध्ये त्या फाटक्या आवाजामागे चर्चच्या गायकांचा ताफा उभा राहतो. 'थॉट्स ऑफ यू' पियानोवर अगदी हळू सुरू होतं आणि मधोमध आभाळ भरून यावं तसं काळवंडतं. दुसरा अल्बम अर्धवट राहिला. १९८३ च्या डिसेंबरात तो मरीना डेल रे इथे बुडून गेला. बरीच वर्षं हा अल्बम बाजारातच नव्हता, २००८ मध्ये पुन्हा निघाला, अर्धवट गाण्यांसकट.

रसिका_पुणे

@समुद्रकाठचा, हे मला माहीतच नव्हतं. 'रिव्हर साँग' आत्ता लावलंय. तो गायकांचा ताफा येतो तिथे मागे जाऊन पुन्हा ऐकतेय. अर्धवट गाण्यांपैकी कुठलं आधी ऐकू, सांगाल का?